आई-बाबांसोबत ४५ दिवस युरोप, २० सप्टेंबर ते ३ नोव्हेंबर, रूट बरोबर आहे का?

नाशिकची_लेक

नमस्कार मंडळी, यंदा गौरी-गणपती आटोपले की आई-बाबांना घेऊन निघायचं ठरवलंय, दिवाळीच्या आधी परत. आई ६४, बाबा ६९, दोघंही रोज चार-पाच किमी चालतात पण बाबांच्या गुडघ्याला जिने झेपत नाहीत. बाबांनी आयुष्यभर कधी सलग आठ दिवस रजा घेतली नाही त्यामुळे ते बारा दिवसांत सात देश वालं पॅकेज मला अजिबात नकोय, निवांत फिरवायचंय त्यांना.

आत्ताचा रूट असा आहे - रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, पॅरिस, अ‍ॅम्स्टरडॅम, प्राग, बुडापेस्ट, व्हिएन्ना आणि शेवटी स्वित्झर्लंड. आईला बर्फ बघायचाय म्हणून ते शेवटी ठेवलं, गोडाचा घास शेवटी. युरेल पास (युरोपातल्या बऱ्याच देशांच्या ट्रेनचा एकत्र पास) घ्यावा का? व्हिसा कुठल्या देशाचा काढायचा? आणि आई पूर्ण शाकाहारी आहे, अंडंही नाही, तर तिचं ४५ दिवस कसं करायचं? ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज सांगा.

म्युनिकवाली

ताई, रूट उलटा करा, बाकी सगळं नंतर. मी इथे ११ वर्षं आहे, हे दोन महिने म्हणजे थंडी डोंगरावरून हळूहळू खाली उतरत येते, तुम्हीही तिच्या पुढे पुढे दक्षिणेला सरकत राहायचं. सप्टेंबर अखेरीला स्वित्झर्लंडमधे रोपवे, तलावातल्या बोटी सगळं चालू असतं. तेच ऑक्टोबर संपताना जाल तर बरेचसे रोपवे हिवाळ्याच्या सीझनआधी देखभालीसाठी बंद होतात, बोटींच्या फेऱ्या कमी होतात आणि खाली दरीत नुसतं धुकं. आईंच्या बर्फाची काळजी नको, युंगफ्राउयोखला ३४५४ मीटरवर बारा महिने बर्फ असतो आणि वरपर्यंत ट्रेन जाते. फक्त उंची बरीच आहे तर बीपी वगैरे असेल तर डॉक्टरांना विचारून जा आणि वर गेल्यावर अजिबात घाई करू नका.

मग ऑस्ट्रियात इन्सब्रुक, साल्झबर्ग, व्हिएन्ना, पुढे बुडापेस्ट, लुब्लियाना (स्लोव्हेनियाची राजधानी), व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम. झ्युरिक-इन्सब्रुक साडेतीन तास, साल्झबर्ग-व्हिएन्ना अडीच, व्हिएन्ना-बुडापेस्ट पावणेतीनच्या आत, कुठेच दमछाक नाही. एकच बुडापेस्ट-लुब्लियाना दिवसभराचं आहे, त्या दिवशी दुसरं काही ठेवू नका. पॅरिस आणि अ‍ॅम्स्टरडॅम मी काढूनच टाकेन, ते दोन्ही मिळून वेगळी ट्रिप आहे. म्युनिकलाही ऑक्टोबरफेस्टच्या दिवसांत येऊ नका, १५ सप्टेंबरनंतरच्या पहिल्या शनिवारी सुरू होतो आणि हॉटेलचे दर बघवत नाहीत.

एक मात्र चुकवू नका. टिरोलमधल्या (इन्सब्रुकच्या आसपासचा ऑस्ट्रियाचा डोंगरी भाग) गावांत साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर लागेपर्यंत गायी उन्हाळी कुरणांतून खाली गावात आणतात, डोक्यावर फुलांचे मुकुट, गळ्यात ही मोठी घंटा. अगदी आपला पोळा! उन्हाळ्यात कळपात एखादी गाय दगावली किंवा घरात कुणी गेलं तर त्या वर्षी सजवत नाहीत. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला गावच्या वेशीवरचं तोरण आठवून रडू आलं होतं. प्रत्येक गावाची तारीख वेगळी असते, इन्सब्रुकच्या पर्यटन कार्यालयात विचारा.

सासूबाईंसोबत_फिरस्ती

म्युनिकवालीला पूर्ण अनुमोदन. युरेल पास नको असं माझं मत, तुमच्या रूटमधे लांबचे प्रवास सात-आठच आहेत आणि इटलीत फास्ट ट्रेनला पास असूनही रिझर्वेशनचे वेगळे पैसे पडतात. तिकिटं सुटी सुटी काढा, लवकर काढाल तितकी स्वस्त.

इटलीत हीटिंगचं बघून घ्या, हे आम्हाला कोणीच सांगितलं नव्हतं. तिथे इमारतींचं हीटिंग कधी सुरू करायचं याच्या तारखा सरकारने शहरानुसार ठरवून दिल्यात, व्हेनिसला १५ ऑक्टोबर पण फ्लॉरेन्स आणि रोमला १ नोव्हेंबर. आम्ही ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात फ्लॉरेन्सला होतो, जुनी दगडी बिल्डिंग, रात्री फरशी बर्फासारखी, सासूबाईंनी चार रात्री स्वेटर घालून काढल्या. बुकिंग करतानाच जादा ब्लँकेट आहेत का, गरम हवेचा एसी आहे का हे विचारा आणि एक गरम पाण्याची पिशवी न्याच.

खाण्याचं म्हणाल तर किचनवालं अपार्टमेंट घ्या. मेतकूट, थालीपिठाची भाजणी, गोडा मसाला, चिवडा न्या, पण तूप, पेढे, बर्फी नको कारण बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला तिथे बंदी आहे, एअरपोर्टवर काढून घेतील. तिथलं बिनमिठाचं लोणी आणून कढवा, रवाळ सुंदर तूप होतं. ऑस्ट्रियात सूप मागवताना जपून, भोपळ्याचं असलं तरी आत बरेचदा मांसाचा रस्सा असतो, विचारल्याशिवाय घेऊ नका. ऑक्टोबरात व्हिएन्नाच्या रस्त्यांवर गरम भाजलेल्या चेस्टनटच्या गाड्या लागतात, आमच्या सासूबाईंचं रोज संध्याकाळचं तेच.

आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकानं बंद, किराणा शनिवारीच भरा.

कागदपत्रं_आधी

व्हिसा, थोडक्यात. सगळे देश शेंगेनमधे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटात आहेत (स्वित्झर्लंड युरोपियन युनियनमधे नसलं तरी शेंगेनमधे आहे), त्यामुळे एकच व्हिसा. ज्या देशात मुक्काम सर्वात जास्त त्या देशाकडे अर्ज, दिवस सारखे असतील तरच पहिला देश बघतात. म्हणजे इटलीत १५ रात्री आणि ऑस्ट्रियात १३ असतील तर अर्ज इटलीचा, झ्युरिकला उतरलात तरी चालतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो आणि अपॉइंटमेंट लवकर संपतात, मार्चअखेरीलाच मागे लागा. फी माणशी ९० युरो, विमा किमान ३०,००० युरोचा. ऑक्टोबर २०२५ पासून तिथे नवीन पद्धत आली आहे, पहिल्या एन्ट्रीला फोटो काढून नोंदणी करतात (बोटांचे ठसे व्हिसाच्या वेळीच घेतलेले असतात), त्याला वेळ लागतो म्हणून उतरल्या उतरल्या लगेचची ट्रेन बुक करू नका.

नाशिकची_लेक

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी! आईला पॅरिस गेल्याचं वाईट वाटलं पण बाबांनी गायींचं ऐकलं आणि विषयच संपला, लहानपणी ते शेतावर बैल रंगवायचे. आता नवा हिशोब: स्वित्झर्लंड ७ रात्री, ऑस्ट्रिया १३, बुडापेस्ट ५, स्लोव्हेनिया ४, इटली १५. व्हेनिसमधे गुडघ्याचं कसं करू? ते सांगा फक्त.

म्युनिकवाली

व्हेनिसचे पूल म्हणजे पायऱ्याच, चढा आणि उतरा. हॉटेल व्हापोरेटोच्या, म्हणजे तिथल्या बोट-बसच्या थांब्याजवळचंच घ्या आणि मेल करून विचारा की थांब्यापासून दारापर्यंत मधे किती पूल आहेत. शून्य असं लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे भरू नका.