निवडणुकीतलं आश्वासन, इमिग्रेशन आणि राष्ट्राध्यक्षाकडून ठेवायची अपेक्षा

एडिसनकर (धागाकर्ता)

अमेरिकेत इमिग्रेशनचा विषय निघाला की एक उत्तर ठरलेलं असतं: "राष्ट्राध्यक्ष तरी काय करणार, कायदा काँग्रेस करते." ओबामांच्या वेळी ऐकलं, बायडन यांच्या वेळीही ऐकलं. मला ते पटत नाही.

२००८ च्या मे महिन्यात, उमेदवार असताना, ओबामांनी युनिव्हिजन वाहिनीच्या होर्हे रामोस यांना मुलाखतीत खात्री दिली होती की आपला पाठिंबा असलेलं इमिग्रेशनचं विधेयक पहिल्याच वर्षात येईल. २००९ मध्ये दोन्ही सभागृहांत डेमोक्रॅट्सचं बहुमत होतं. सिनेटमध्ये तर काही महिने साठ मतं त्यांच्या बाजूला होती, म्हणजे विरोधकांना चर्चा लांबवून विधेयक अडवता येणार नाही इतकी. तरी ते वर्ष सरलं आणि विधेयक मतदानाला आलंच नाही. सगळी ताकद आधी अर्थव्यवस्था सावरण्यात आणि मग आरोग्य विम्याच्या कायद्यात गेली. तो कायदा मोठाच होता, त्याबद्दल वाद नाही. पण ज्यांना "तुमचं काम पहिल्या वर्षी" असं सांगून मतं घेतली, तेच मागे राहिले. वर हद्दपारी चालूच होती, २०१२ च्या आर्थिक वर्षात चार लाखांहून जास्त लोकांची.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मायामीत रामोस यांनी त्यांना तोंडावर सांगितलं की तुम्ही वचन पाळलं नाहीत. इमिग्रेशन सुधारणा न होणं हे आपलं तोवरचं सगळ्यात मोठं अपयश, हे ओबामांनीही तिथे मान्य केलं.

राज्यघटनेत काय आहे हे उमेदवाराला माहीत असतं. ओबामा तर शिकागो विद्यापीठात घटनात्मक कायदा शिकवायचे. "मी प्रयत्न करीन" असं म्हणण्याची मुभा त्यांना होती. त्यांनी मुदत दिली. मुदत दिलेल्या वचनाला काँग्रेसची सबब चालू नये असं माझं मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

डॅलसवासी

एडिसनकर, असहमत. तुम्ही साठ मतं कागदावर मोजताय.

२००९ च्या ऑक्टोबरमध्ये बेकारीचा दर दहा टक्क्यांवर गेला होता. घरं जप्त होत होती, लोक रोज नोकऱ्या गमावत होते. त्या वर्षी लाखो लोकांना कामाचे परवाने देणारं विधेयक आणलं असतं, तर त्यांच्याच पक्षातले खासदार बाजूला झाले असते. हा नुसता अंदाज नाही. २०१० च्या डिसेंबरमध्ये ड्रीम ॲक्ट आला. लहानपणी आईबापांबरोबर आलेल्या, इथेच शिकलेल्या मुलांपुरतं ते विधेयक होतं, सगळ्यात सोपं, सगळ्यात सहानुभूती मिळवणारं. प्रतिनिधीगृहात २१६ विरुद्ध १९८ असं मंजूर झालं. सिनेटमध्ये हवी होती ६० मतं, पडली ५५. पाच डेमोक्रॅट सिनेटरांनी विरोधात मत दिलं. मुलांसाठीसुद्धा जे हात वर करायला तयार नव्हते, ते सर्वसमावेशक सुधारणेला वर्षभर आधी तयार झाले असते का?

आणि पुढचंही सांगा ना. २०१२ च्या जूनमध्ये डॅका योजना आणली, अशाच लहानपणी आलेल्या मुलांची हद्दपारी तात्पुरती थांबवणारी. २०१३ मध्ये सिनेटने मोठं विधेयक ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलं, दोन्ही पक्षांची मतं घेऊन. सभापती जॉन बेनर यांनी ते प्रतिनिधीगृहात मतदानालाच घेतलं नाही. मग २०१४ मध्ये ओबामांनी आदेश काढून अमेरिकन नागरिक असलेल्या मुलांच्या आईबापांना संरक्षण द्यायला घेतलं, तर टेक्सासच्या न्यायालयाने अडवलं आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी बरोबरी होऊन ते तिथेच संपलं. याहून काय करायचं माणसाने? प्रचारातलं वचन म्हणजे उमेदवार कुठल्या दिशेला जोर लावणार याची कबुली. निकालाची हमी त्याच्या हातात नसते आणि मतदारानेही तशी धरू नये.

एडिसनकर (धागाकर्ता)

डॅलसवासी, पाच मतांचा मुद्दा मान्य. पण २०११ मध्ये हेच ओबामा जाहीर सांगत होते की नुसत्या आदेशाने हद्दपारी थांबवण्याचा अधिकार मला नाही. पुढच्याच वर्षी, निवडणूक पाच महिन्यांवर आली असताना, डॅका आली. अधिकार होता म्हणूनच आली ना? मग २००९ पासून तीन वर्षं ज्या मुलांना परत पाठवलं त्यांचं काय? काँग्रेस अडवते हे खरं, पण "काँग्रेस अडवते" म्हणत स्वतःच्या हातातलंही करायचं नाही, हेही तितकंच खरं.

रोखठोक नाशिककर

मी भारतातून लिहितोय, माझं तिकडे काही अडलेलं नाही, म्हणून स्पष्ट लिहितो.

तुमचं म्हणणं आहे की नेत्याने वचन पाळावं. ठीक. ट्रम्प यांनी २०२४ च्या प्रचारात प्रत्येक सभेत सांगितलं की मोठ्या प्रमाणावर हद्दपारी करणार. निवडून आले आणि करायला लागले. ५ फेब्रुवारी २०२५ ला १०४ भारतीयांना घेऊन लष्करी विमान अमृतसरला उतरलं. तेव्हा इथे सगळे हळहळले. का? वचन पाळलं म्हणून? ओबामांनी पाळलं नाही म्हणून राग आणि ट्रम्प यांनी पाळलं म्हणूनही राग, हे एका मापाने मोजणं नव्हे. तिथल्या मतदाराने ज्याला कौल दिला तेच घडतंय. देशात कोणाला येऊ द्यायचं हे ठरवण्याचा हक्क त्या देशाच्या नागरिकांचा. आपणही आपल्या सीमेबद्दल हेच म्हणतो.

बेकायदा शिरणाऱ्यांबद्दल मला सहानुभूती नाही. एजंटला ४०-५० लाख द्यायचे, पनामाचं जंगल तुडवत जायचं आणि पकडलं की सरकारने सोडवावं अशी अपेक्षा ठेवायची, हे मला मान्य नाही.

साताऱ्याची लेक

रोखठोक, परत पाठवण्याचा अधिकार कोणी नाकारत नाहीये. हळहळ होती ती हातापायांत बेड्या घालून आणण्याबद्दल. त्यांतले बरेच जण जमीन विकून गेलेल्या घरांतले होते. बेड्या घालणं हे काही निवडणुकीतलं वचन नव्हतं.

आणि वचन पाळलं म्हणताय तर हेही बघा. २०२४ च्या जूनमध्ये एका पॉडकास्टमध्ये ट्रम्प म्हणाले होते की अमेरिकेतल्या कॉलेजातून पदवी घेतली की त्याबरोबर आपोआप ग्रीन कार्ड मिळायला हवं. आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ती क्लिप किती फिरली! लोकांनी मुलांच्या एमएससाठी कर्जं काढताना ती क्लिप पाहिली आहे. १९ सप्टेंबर २०२५ ला आदेश आला तो नव्या एच-१बी (कुशल नोकरदारांचा व्हिसा) अर्जावर एक लाख डॉलर भरण्याचा, म्हणजे तेव्हाच्या दराने ८८ लाख रुपये.

त्या दिवसाबद्दल लिहितेच. माझा मावसभाऊ सर्वपित्री अमावास्येला वडिलांचं श्राद्ध करायचं म्हणून साताऱ्याला आला होता. अमावास्या रविवारी. शनिवारी पहाटे त्याच्या कंपनीच्या वकिलांची मेल आली: देशाबाहेर असाल तर आदेश लागू व्हायच्या आत परत या. तो सकाळी सात वाजता गाडी करून मुंबईला निघाला, मिळेल त्या भावाचं तिकीट काढून. मावशी दारात उभी, शिधा आणून ठेवलेला, गुरुजींना सांगून ठेवलेलं. तो विमानात बसल्यावर खुलासा आला की ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांना हे लागू नाही. श्राद्ध धाकट्या काकांनी केलं. राज्यकर्त्याकडून माझी अपेक्षा फार मोठी नाही. हुकूम काढताना तो कोणाला लागू आहे हे त्याच कागदावर लिहिलेलं असावं, एवढीच.

रोखठोक नाशिककर

साताऱ्याची लेक, तुमच्या मावशींबद्दल वाईट वाटलं, मनापासून. बेड्यांबद्दलचाही मुद्दा घेतला. पदवीबरोबर ग्रीन कार्ड हे ते बोलले होते, नाकारत नाही. पण तो त्यांच्या सभांमधला मुद्दा नव्हता. त्यांच्या मतदाराने ते ऐकून मत दिलेलं नाही. आपण आपल्याला हवं तेवढं ऐकलं.

क्वीन्सचे काका

मी १९७१ साली आलो. थोडं मागचं सांगतो, कारण चर्चा फक्त ओबामा-ट्रम्प यांच्यात अडकली आहे.

आम्ही इथे आलो ते १९६५ च्या कायद्यामुळे. त्याआधी भारताचा वार्षिक कोटा होता १०० माणसांचा. शंभर! १९४६ साली तेवढा मिळाला, तोही मोठा विजय मानला गेला. १९६५ च्या ऑक्टोबरमध्ये स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्यापाशी सही करताना जॉन्सन यांनी सांगितलं की हा काही क्रांतिकारक कायदा नाही, याने लाखोंच्या आयुष्यात फरक पडणार नाही. पडला. आमच्या पिढीतल्या डॉक्टर-इंजिनियरांना कोणी प्रचारात वचन दिलं नव्हतं.

दुसरं, १९८६. रेगन यांच्या सहीने झालेल्या कायद्यात सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. माझ्या गल्लीतला मेक्सिकन सुतार त्यातला, पुढे त्याने स्वतःचं दुकान काढलं. पण त्या कायद्याला दुसरी बाजू होती. बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकाला दंड होणार, म्हणजे पुढे कोणी येणारच नाही, असं रिपब्लिकन मतदाराला सांगितलं गेलं होतं. मालक कागद बघायचे, कागद खोटे असायचे, आणि तपासणी जवळजवळ नव्हतीच. वीस वर्षांत बेकायदा राहणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली. त्या मतदाराला फसवल्यासारखं वाटलं आणि मला त्यात काही चूक दिसत नाही. २००७ ला बुश यांचा प्रयत्न पडला, २०१३ ला बेनर यांनी मतदान घेतलं नाही, त्याच्या मुळाशी हा अविश्वास आहे: "कायदेशीर आत्ता करा, बंदोबस्त नंतर करू" यावर ते पुन्हा विश्वास ठेवणार नाहीत.

एडिसनकर, तुम्ही एका वचनाचा हिशोब मागताय. हिशोब मागणारे पलीकडेही आहेत आणि त्यांचा तुमच्याहून जुना आहे.

एडिसनकर (धागाकर्ता)

काका, हा मुद्दा मी या बाजूने कधी पाहिला नव्हता. पण याने माझं म्हणणं पक्कंच होतं. १९८६ चं न पाळलेलं वचन २०१३ चा कायदा पाडतं, म्हणजे वचन मोडण्याची किंमत ज्याने मोडलं तो देत नाही, पुढचे देतात. म्हणून तर डॅलसवासींचं "दिशा दाखवली, पुरे" मला पुरत नाही.

डॅलसवासी

उलट! काकांच्या उदाहरणात दोष जास्त वचन देण्याचा आहे. "पुढे कोणी येणारच नाही" हे पाळण्यासारखं वचनच नव्हतं. मेक्सिकोच्या पैशाने भिंत बांधण्याचंही तेच. ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत त्या भिंतीच्या पैशांसाठी सरकार ३५ दिवस बंद पडलं, मेक्सिकोने काही दिलं नाही, आणि जी सुमारे साडेचारशे मैल झाली त्यातली बहुतेक जुन्या कुंपणाच्या जागी. मतदार ठाम तारीख आणि ठाम आकडा मागतो, म्हणून उमेदवार तो देतो. "सिनेटमध्ये साठ मतं जमली तर" असं प्रामाणिकपणे सांगणाऱ्याला आपण मत देतो का?

मुक्ता

मी एच-४ वर आहे, म्हणजे एच-१बी वाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर. नवऱ्याचा ग्रीन कार्डचा अर्ज ईबी-२ मध्ये, म्हणजे उच्चशिक्षित नोकरदारांच्या गटात. तुम्ही सगळे मोठ्या विधेयकांबद्दल लिहिताय. माझं आयुष्य ज्याने बदललं ते कोणाच्याही सभेत ऐकलेलं नव्हतं.

पुण्यात सहा वर्षं आर्किटेक्ट म्हणून काम करून मी इथे आले आणि घरी बसले. बँकेत खातं नवऱ्याबरोबर, लायब्ररीच्या कार्डावर पत्त्याचा पुरावा नवऱ्याचा. २०१५ च्या मे महिन्यात ओबामा सरकारचा नियम लागू झाला की नवरा किंवा बायको ग्रीन कार्डच्या ठरावीक टप्प्यावर असेल तर एच-४ वाल्या जोडीदाराला कामाची परवानगी मिळेल. तो कायदा नाही, नुसता नियम. ट्रम्प सरकारने पहिल्या कारकिर्दीत तो काढणार म्हणून जाहीर केलं; चार वर्षं ती टांगती तलवार होती, पण काढला गेला नाही. त्याच्याविरुद्धची याचिका दहा वर्षं चालली आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ऐकायला नकार दिला. एवढ्या काळात मी दोन शाळांच्या इमारतींवर काम केलं.

म्हणून डॅलसवासींशी मी अर्धी सहमत: हमी मागू नये. आणि एडिसनकरांशीही अर्धी: ज्याला काँग्रेस लागत नाही त्याचा हिशोब कडक घ्यावा. बेनर यांच्याबद्दल राष्ट्राध्यक्षाला विचारून उपयोग नाही. नियम बनवणारी, अर्ज तपासणारी, मुलाखतींच्या तारखा देणारी खाती मात्र त्याचीच आहेत.

आता जे खरोखर काँग्रेसचं आहे ते. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण एक लाख चाळीस हजार, त्यात घरचे लोकही मोजतात, आणि कुठल्याही एका देशाला सात टक्के. म्हणून २०२५ च्या अखेरीस भारतीयांच्या ईबी-२ च्या रांगेत २०१३ चे अर्ज चालू होते. ही मर्यादा काढणारं विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधीगृहात ३६५ विरुद्ध ६५ असं मंजूर झालं, २०२० च्या डिसेंबरमध्ये सिनेटनेही आपला मसुदा मंजूर केला. दोन मसुदे जुळले नाहीत आणि मुदत संपली. फिलिपिन्सच्या नर्सेसना आमच्यामागे थांबावं लागेल ही त्यांच्या बाजूची भीती खोटी नव्हती, तेही सांगते. एकूण कार्डं न वाढवता रांग बदलली की कोणीतरी मागे जाणारच. पण या प्रश्नावर राष्ट्राध्यक्षपदाच्या वादविवादात कधी कोणी दोन मिनिटं बोललेलं मला आठवत नाही, कारण रांगेतल्यांना मत नाही.

माझी मुलगी दीड वर्षाची असताना इथे आली. एकविसाव्या वर्षी ती आमच्या अर्जातून बाहेर पडेल आणि तिला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागेल. अशा मुलांसाठीचं विधेयकही मांडून पडलेलं आहे. काका, तुम्ही नागरिक आहात. २०२६ च्या नोव्हेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाची निवडणूक आहे. तुमच्या मतदारसंघातल्या उमेदवारांना, दोन्ही पक्षांच्या, एवढं विचाराल का की एकवीस वर्षांच्या अटीवर ते कुठल्या बाजूने मत देणार?

क्वीन्सचे काका

विचारतो, मुक्ता. आमच्या मंडळात नागरिक असलेली बरीच घरं आहेत, त्यांनाही सांगतो. प्रश्न एका कागदावर इंग्रजीत लिहून पाठव, विधेयकाच्या क्रमांकासकट. क्रमांक असला की त्यांना गोल गोल बोलता येत नाही.