अनुभव धागा : तारेखालची वाहने – ट्राम आणि ट्रॉलीबस

मुंबईत घोड्यांची पहिली ट्राम ९ मे १८७४ रोजी धावली, १९०७ मध्ये घोडे जाऊन डोक्यावर विजेची तार आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेलेल्या गाडीबरोबर तो कारभार आटोपला. अशा वाहनांतून ज्यांनी प्रवास केला, त्यांनी गहिवर थोडा आणि तपशील जास्त लिहावा, ही विनंती.

*

सुट्टीच्या दिवशी वडील मला ट्रामने फिरायला नेत, तेव्हा मोटरमनच्या पाठीशी उभे राहण्याचा माझा हट्ट असे, कारण दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे तो घंटा पायाने बडवी आणि ते पाहण्यात मला कमालीची मौज वाटे. एका पावसाळी संध्याकाळी वळणावर टपावरचा दांडा तारेवरून निसटला, ठिणग्या उडाल्या आणि आतले दिवे गेले. कंडक्टर भिजतच मागे गेला, दांड्याची दोरी धरून, मान वर करून त्याने दोन-तीनदा नेम धरला. तिसऱ्या खेपेस दिवे आले. तोवर एकाही उतारूने हूं की चूं केले नाही, याचे मला आज अधिक नवल वाटते.

*

ट्रॉलीबसला पुष्कळ जण ट्रामच समजतात, ते चूक आहे. ट्रामची वीज रुळांतून परत जाते, म्हणून तिचे एका तारेवर भागते. रबरी टायरांना ती सोय नसल्यामुळे ट्रॉलीबसला दोन तारा आणि दोन दांडे लागतात. गोवालिया टँक ते माझगाव डॉक ही गाडी १९६२ ते १९७१ अशी चालली, आणि माझी शाळा त्याच रस्त्यावर होती. गाडीचा आवाज जवळजवळ नसेच. वरच्या तारा सळसळू लागल्या की आम्ही दप्तरे उचलत असू.

*

नोकरीनिमित्त कोलकात्यात असताना ट्रामच्या पुढच्या डब्यात पंखे असत, मागच्यात नसत. मी महिनाअखेरीस मागे बसे.

*

मुंबईची ट्राम मी पाहिलेली नाही. दादर टी.टी.ला उतरताना ‘टी.टी.’ म्हणजे काय, असे मी बसच्या कंडक्टरला विचारले, तर तो दुसऱ्या ‘टी’चे ‘टर्मिनस’ सांगून अडला. शेजारच्या आजोबांनी ‘ट्राम’ म्हटले आणि रूळ कुठे वळत, ते खिडकीतून बोटाने दाखवले. तिथे आता उड्डाणपूल आहे.