फास्ट चार्जिंग आणि बॅटरीचं आयुष्य: सोसायटी ग्रुपवरची चर्चा

स्मिता (बी-२०३): लेकाच्या नव्या फोनबरोबर ६७ वॅटचा चार्जर आलाय. फास्ट चार्जिंगने बॅटरी लवकर जाते म्हणतात. जुना साधाच वापरायला लावू का?

कुलकर्णी काका (ए-१०१): आम्ही रात्रभर साध्या चार्जरलाच लावून ठेवतो. सावकाश झालेलं बरं.

निखिल (बी-५०४): काका, सावकाश ठीक आहे, पण रात्रभर १०० टक्क्यांवर राहणं बॅटरीला मानवत नाही. पूर्ण भरलेल्या सेलमध्ये व्होल्टेज जास्त असतं, आतलं रसायन हळूहळू बिघडत जातं. सेटिंगमध्ये ८० टक्क्यांची मर्यादा असेल तर लावून टाका.
स्मिताताई, नवा चार्जर बिनधास्त वापरा. फोन ६७ वॅट सतत ओढत नाही. सुरुवातीला जोरात घेतो, भरत आला की स्वतःच करंट कमी करतो. चार्ज होताना लिथियमचे आयन (विद्युतभारित कण) बॅटरीतल्या ग्राफाइटच्या थरांत शिरायला वेळ लागतो. रेटलं तर लिथियम वरच धातू होऊन साचतं आणि त्यातलं बरंचसं कायमचं वाया जातं. म्हणूनच शेवटचे २० टक्के रेंगाळतात.

स्मिता: मग बॅटरी खराब कशाने होते?

निखिल: मुख्य म्हणजे उष्णतेने. चार्जिंगला लावून गेम खेळणं, उशीखाली ठेवणं, गाडीत डॅशबोर्डवर उन्हात ठेवणं. लेकाला हे तेवढं सांगा.

देशमुख (सी-४०१): युरोपात जून २०२५ पासून नियमच आहे, ८०० सायकलनंतरही फोनच्या बॅटरीत ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. सायकल म्हणजे एकूण १०० टक्के वापर; दोन दिवस अर्धी-अर्धी वापरली तर एक सायकल.

वैशाली (सी-३०२): आमच्या इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची आहे. मॅन्युअलमध्ये अधूनमधून १०० टक्के करा असं लिहिलंय आणि निखिल ८० म्हणतोय. नक्की काय करायचं?

निखिल: वैशालीताई, मॅन्युअलचंच ऐका. एलएफपीचं व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सारखंच राहतं, त्यामुळे किती चार्ज उरलाय याचा बीएमएसला (बॅटरीवर लक्ष ठेवणाऱ्या सर्किटला) नीट अंदाज येत नाही. पूर्ण भरली की हिशेब जुळतो. शिवाय एलएफपी बॅटरी सहसा जास्त सायकल टिकते.
फक्त उन्हातून आल्या आल्या प्लग लावू नका, अर्धा तास निवू द्या.

वैशाली: निवणार कुठे? चार्जिंग पॉइंट पत्र्याच्या शेडखाली आहेत. मे महिन्यात दुपारी तिथे उभं राहवत नाही.

निखिल: खरंय. चार्जरच्या वेगापेक्षा मला त्या शेडचीच जास्त काळजी वाटते. सेक्रेटरी साहेब, पॉइंट तळमजल्याच्या सावलीतल्या भिंतीवर घेता येतील का? जिना आणि मीटर रूमपासून लांब, प्रत्येकाला वेगळा एमसीबी.

सेक्रेटरी: रविवारच्या मीटिंगमध्ये विषय घेतो. इलेक्ट्रिशियनकडून कोटेशन मागवलंय. स्कूटरवाल्यांनी चार्जर किती अँपिअरचा आहे ते मला पर्सनलवर कळवा.

कुलकर्णी काका: आमच्या जुन्या फोनची पाठ फुगली आहे. तो चालवू का अजून?

निखिल: अजिबात नको काका. चार्जिंगला लावू नका, दाबू नका, टोचू नका. आत्ता बंद करून गादी-पडद्यांपासून लांब ठेवा. मी संध्याकाळी येतो, ई-कचरा केंद्रात नेऊन देतो.