'मूनलाइट' पाहिल्यावर: प्रश्न आला तर काय बोलावं, सिनेमा कसा दाखवावा

बॅरी जेनकिन्सचा 'मूनलाइट' (२०१६) मायामीच्या लिबर्टी सिटी वस्तीतल्या शायरॉन या समलिंगी मुलाला लहानपणी, किशोरवयात आणि मोठेपणी दाखवतो. सिनेमा दाखवणाऱ्यांनी आणि त्यानंतर येणारे "मी समलिंगी आहे का?" असे प्रश्न हाताळणाऱ्यांनी आपापल्या कामातलं नेमकं लिहावं, ही विनंती केली होती. आलेली उत्तरं खाली.

शालेय समुपदेशक
जेवणाच्या टेबलावरचा प्रसंग पुन्हा पाहा. छोटा शायरॉन आधी एका शिवीचा अर्थ विचारतो. त्याला आधार देणारा हुआन सांगतो, समलिंगी माणसांना हिणवायला लोक हा शब्द वापरतात. मग पोरगा विचारतो, मी तसा आहे का? हुआन शिवी नाकारतो, समलिंगी असणं नाकारत नाही. आणि आत्ताच कळायला हवं असं नाही, एवढं सांगून थांबतो. इतकं चोख उत्तर पडद्यावर क्वचितच सापडतं.

घरी बहुधा "छे, भलतंच काय!" असं उत्तर येतं. बोलणाऱ्याला वाटतं आपण धीर दिला. मुलाला ऐकू येतं की तसं असणं वाईट. "तू गे असलास तरी आमची हरकत नाही" हीसुद्धा घाईच. मुलानं प्रश्न विचारलाय, काही जाहीर केलेलं नाही. "कधीपासून मनात आहे? शाळेत कोणी चिडवतं का?" इथून सुरुवात करा. दुसरा प्रश्न गाळू नका, कारण चिडवणं अनेकदा आधी सुरू होतं आणि स्वतःबद्दल कळणं मागाहून येतं.

"कोणालाच सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका. आकर्षण, गोंधळ यांबद्दलचं बोलणं तुमच्यापाशीच राहील. पण अठराखालच्या मुलानं लैंगिक अत्याचार सांगितला, तर पोक्सो कायद्यानुसार (२०१२) पोलिसांना कळवावंच लागतं. ही मर्यादा बोलणं सुरू होण्याआधीच सांगा.

फिल्म सोसायटीचं काम पाहणारे
सिनेमा १११ मिनिटांचा, अमेरिकेत 'आर' प्रमाणपत्राचा, त्यामुळे खेळ प्रौढांसाठीच ठेवा. मध्यंतर टाळता येत नसेल तर भागाच्या नावाची पाटी येते तिथेच थांबवा: 'लिटल', 'शायरॉन', 'ब्लॅक'.

चर्चेत "तुमच्यापैकी कोणाला असं वाटलंय?" हे कधीही विचारायचं नाही. चिठ्ठ्या घ्या, पण त्यातही एक खोच आहे. "ज्यांना प्रश्न आहे त्यांनी लिहा" म्हटलं की ज्याचं पेन हलतं त्याच्याकडे सगळे बघतात. म्हणून एकाच मापाचे कागद, एकाच रंगाची पेनं, आणि प्रत्येकानं तीन ओळी लिहायच्याच. प्रश्न नसेल तर आवडलेला प्रसंग लिहावा. चिठ्ठ्या डब्यात मिसळून एकाच माणसानं वाचाव्यात. अक्षर ओळखू येतं, त्यामुळे त्या इतरांच्या हाती देऊ नयेत.

ध्वनीच्या बाजूनं
सिनेमाचा संगीतकार निकोलस ब्रिटेलनं ह्यूस्टनच्या हिप-हॉपमधली, गाणं संथ करून स्वर खाली उतरवायची रीत वाद्यवृंदाला लावली. लहानग्या शायरॉनची पियानो-व्हायोलिनची धून पुढे खर्जात जाते. लॅपटॉपच्या स्पीकरवर हा खर्ज जवळजवळ हरवतो आणि शाळेतल्या मारामारीचा प्रसंग निम्मा होतो. बाहेरचे स्पीकर लावाच. शायरॉनच्या तिन्ही नटांना चित्रीकरणात एकमेकांना भेटू दिलं नव्हतं. असं असताना हे एकच माणूस वाटतं, त्यात या धुनेचा मोठा वाटा आहे.

मानसोपचार क्षेत्रातून
जागतिक आरोग्य संघटनेनं १९९० मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं लैंगिक कल बदलण्याचे 'उपचार' म्हणजे व्यावसायिक गैरवर्तन, असं राज्य परिषदांना कळवलं. भेट ठरवण्याआधी फोनवरच विचारा: "कल बदलायचे उपचार करता का?" "वय लहान आहे, बघू" असं गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरं नाव शोधा. डॉक्टर असे उपचार करतच असेल तर राज्य वैद्यक परिषदेकडे लेखी तक्रार करता येते. टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

विवाह समुपदेशक
"लग्न झालं की सुरळीत होईल" म्हणणाऱ्यांनी तिसऱ्या भागातला केविन, शायरॉनचा शाळेपासूनचा मित्र, पाहावा. त्याला मूल आहे, तरी शायरॉनला तो फोन करतोच. मनात असा प्रश्न असेल तर आधी लग्नाची बोलणी थांबवा. प्रश्नाचं उत्तर सावकाश मिळालं तरी चालेल. साखरपुडा झाल्यावर मात्र दुसऱ्या घरातली मुलगीही त्यात अडकते.