प्रसादाचा प्रश्न एका वचनात संपतो का?

कृष्णाकाठ (सांगली)

‘विश्वासातले रोजचे प्रश्न’ या मालिकेतल्या कालच्या पोस्टला हे उत्तर आहे. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रश्न होता : शेजारी सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन दारात आले तर विश्वासणाऱ्याने, म्हणजे ख्रिस्ती माणसाने, काय करावं? उत्तर दीड ओळीचं, बायबलच्या एका वचनावर टेकलेलं : ‘घेऊ नये. 1 करिंथ 10:21. प्रभूचं मेज आणि भुतांचं मेज, दोन्हीकडे बसता येत नाही. प्रश्न संपला.’

त्या ‘प्रश्न संपला’नेच माझं डोकं फिरलं. प्रेषित पौलाला करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात याच प्रश्नावर तीन अध्याय लिहावे लागले, आठपासून दहापर्यंत. करिंथात देवळातलं मांस बाजारात विकायला यायचं, देवळाच्या आवारात पंगती उठायच्या. गणपतीच्या दहा दिवसांत आपली जी ओढाताण होते ती तिथल्या ख्रिस्ती मंडळीची (चर्चची) बारा महिने व्हायची. म्हणून तो सगळ्या बाजूंनी बोलतो. आठव्या अध्यायात सांगतो की मूर्ती म्हणजे काहीच नाही, आणि लगेच म्हणतो की हे सगळ्यांना उमगलेलं नाही, तेव्हा दुबळ्या भावाला जपा. दहाव्यात मूर्तीच्या पंगतीत भागीदार होऊ नका म्हणतो. तिथून चारच वचनं पुढे, 25 मध्ये, बाजारात मिळेल ते काही न विचारता खा. 27 मध्ये, बाहेरच्याने जेवायला बोलावलं आणि जावंसं वाटलं तर जा, वाढतील ते खा. पोस्ट लिहिणाऱ्याने 21 उचललं आणि पुस्तक मिटलं.

मी रविवार शाळेत शिकवते. मुलं हाच प्रश्न विचारतात, कारण दुसऱ्या दिवशी त्याच मित्राशेजारी बाकावर बसायचं असतं. त्यांना मी तीनही अध्याय वाचायला लावते. वेळ लागतो. लागू दे.

विटेकर

जय ख्रिस्त ताई. पोस्ट माझी नाही, पण मी त्या बाजूचा आहे. तुम्ही 27 वर आलात आणि थांबलात. 28 का नाही सांगितलं? कोणी म्हणालं की हे वाहिलेलं आहे, तर खाऊ नका. सत्यनारायणाचा शिरा हातावर ठेवताना ‘प्रसाद घ्या’ असंच म्हणतात ना? मग आणखी स्पष्ट काय हवंय? वर प्रेषितांची कृत्ये 15:29 आहे. यरुशलेमातल्या सभेने परराष्ट्रीय, म्हणजे यहुदी नसलेल्या, भावांना पत्रच धाडलं की मूर्तीला वाहिलेलं टाळा. प्रकटीकरणाच्या दुसऱ्या अध्यायात पर्गम आणि थुवतीरा या दोन मंडळ्यांना याच गोष्टीवरून बोल लावलाय.

माझे वडील आमच्या भावकीतले पहिले विश्वासणारे. जत्रेचा वाटा घरी यायचा, ते हात जोडून परत पाठवायचे. गावाने विहिरीवरचं पाणी तोडलं. आई लांबच्या ओढ्यावरून हंडे आणायची, तिच्या डोक्याला चुंबळीने घट्टा पडला होता. तो घट्टा मी पाहिलाय. आज मी ‘पौल काय, दोन्हीकडून बोलतो’ म्हणून शिरा खाल्ला, तर त्या दोघांनी कशासाठी सोसलं?

तासगावकर

विटेकर, तुमच्या वडलांबद्दल आदर हाय. पण प्रेषित 15:29 अर्धंच वाचलासा की. त्याच वाक्यात रक्त आणि गळा दाबून मारलेलं बी वर्ज्य केलंय. आपल्यातली किती मंडळी रक्ती खात्यात ते सांगू का? लग्नाच्या आदल्या दिवशी बकरं पडलं की रक्ती पयली कोण मागतं? तिथं कुणाला प्रेषित 15 आठवत न्हाई. शेजारणीच्या शिऱ्यावर मात्र आठवतं.

विटेकर

आमच्या घरात रक्ती शिजत नाही. आधी विचारायचं, मग बोलायचं. बाकीचे खातात हे खरं आहे आणि ते चुकतात.

कृष्णाकाठ

28 मी लपवलं नाही, त्याच्या पुढचं 29 तुम्ही वगळलंत. खाऊ नका, पण कोणाच्या सद्सद्विवेकासाठी? तुझ्या नव्हे, त्या दुसऱ्याच्या, असं पौल स्वतः सांगतो. म्हणजे समोर कोण आहे, तो काय समजणार आहे, याचा विचार करूनच हात पुढे किंवा मागे घ्यायचा. तुमच्या वडिलांनी नाकारलं ते अगदी बरोबर होतं. अख्खा गाव बघत होता, वाटा घेणं म्हणजे ‘हा परत आला’ असं झालं असतं. त्या माउलीच्या घट्ट्यापुढे मी काही बोलू शकत नाही. पण तोच नियम करून प्रत्येक घराच्या दारावर ठोकता येत नाही.

2019 च्या पुरात आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या पुढे गेलं होतं. आमची गल्ली पाण्यात. ज्या तरुण मंडळाच्या वर्गणीवरून दरवर्षी आमच्याकडे कुरबुर व्हायची, त्याच मंडळाची पोरं बोटीतून आली. डब्यात मसालेभात होता, एका देवस्थानाच्या स्वयंपाकघरातला. आमच्या मंडळीतल्या एका आजींनी विचारलं, बाळा, हा नैवेद्याचा आहे का? तो म्हणाला, आजी, आधी जेवा. आजींनी डोळे मिटून प्रभूचे आभार मानले आणि जेवल्या. त्या चुकल्या असं विटेकरांनी म्हणून दाखवावं.

विटेकर

पुरातलं अन्न आणि पूजेचा प्रसाद एक नाही. भुकेल्या दावीदाने देवासमोर ठेवलेली, फक्त याजकांसाठीची समर्पित भाकर खाल्ली, प्रभू येशूने स्वतः त्याचा दाखला दिला. आजींना मी काही म्हणणार नाही. पण तो अपवाद आहे, आणि अपवादावर शिकवण उभी राहत नाही.

कराडची लेक

मी या सगळ्यात नवीन आहे. बाप्तिस्मा होऊन थोडेच दिवस झाले. घरात मी एकटीच विश्वासणारी. आई देवपूजा झाली की साखर-खोबरं आधी माझ्या हातावर ठेवते, लहानपणापासून. आता मी हात मागे घेतला की ती बोलत नाही, पण त्या दिवशी जेवतही नाही. अभ्यासगटात विचारलं तर मला 10:21 लिहिलेली चिठ्ठी मिळाली. मी काय करू?

वॉर्ड नंबर चार (मिरज)

चिठ्ठी! हेच. हीच सवय. एक वचन तोडायचं आणि माणसाच्या हातात द्यायचं, मग त्याचं काय होईल ते होवो. मी नर्स आहे आणि प्रसादापेक्षा मोठं दुखणं सांगते.

माझ्या मावशीला शुगर होती. एका कॉटेज मीटिंगला, म्हणजे घरातल्या प्रार्थनासभेला, बाहेरून प्रचारक आला. डोक्यावर हात ठेवून म्हणाला, यशया 53:5, त्याच्या जखमांनी तू बरी झालीस, आता औषध घेणं म्हणजे अविश्वास. मावशीने फ्रिजच्या दारातली इन्सुलिनची कुपी काढून केराच्या डब्यात टाकली. पुढे अंगठ्याला नवी चप्पल लागली. साधा फोड. मी पट्टी उघडली तेव्हा वास आधी आला, जखम नंतर दिसली. गुडघ्याखाली पाय काढावा लागला. प्रचारकाचा फोन तेव्हापासून लागत नाही.

विटेकर

ताई, वाईट झालं. पण एका लबाड माणसावरून प्रार्थनेवर चिखलफेक नको. याकोब 5:14 आहे, मंडळीच्या वडीलजनांना बोलवा, तेल लावा, प्रार्थना करा. आणि 2 इतिहास 16:12 वाचा. आसा राजाच्या पायाला रोग झाला, त्याने परमेश्वराला सोडून वैद्यांचा धावा केला आणि मेला. माझा मुलगा जन्मला तेव्हा काचेच्या पेटीत होता. डॉक्टरांनी आशा सोडली. आम्ही रात्रभर गुडघ्यावर होतो. आज तो दहावीला आहे. ही साक्ष मी कोणाच्याही समोर देईन.

वॉर्ड नंबर चार (मिरज)

द्या साक्ष, जरूर द्या. पण काचेची पेटी त्यात असू द्या. दर तासाला त्या पेटीत हात घालून पोराचं तापमान बघणारी कोणी तरी होती ना? तिला साक्षीतून का गाळता? रात्रपाळीला आम्ही पण प्रार्थना करतो, सलाईनचे थेंब मोजता मोजता.

आणि आसा राजाचं पूर्ण सांगा. त्याच अध्यायात त्याने मंदिरातलं सोनंरूपं काढून अरामच्या राजाला दिलं, त्यावरून हनानी द्रष्टा बोलला तर त्याला तुरुंगात टाकलं. तो परमेश्वराकडे वळलाच नाही, हा त्याचा दोष. वैद्याकडे गेला हा दोष असता तर यशया संदेष्ट्याने हिज्कीया राजाच्या गळवावर अंजिराची चकती बांधायला सांगितलीच नसती. पौलाने आपला सोबती तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. दुसऱ्या सोबत्याला, त्रफिमला, तर मिलेतात आजारी ठेवून पौल पुढे गेला. पौलाच्या विश्वासात काय कमी होतं? पौलाबरोबर फिरणारा लूक कोण होता? वैद्यच ना? मिरजेत राहून हे सांगावं लागतं याची चीड येते. 1894 साली मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी इथे दवाखाना उघडला तो प्रभूच्याच नावाने ना?

विटेकर

वॉन्लेस साहेबांचं नाव घेऊन मला गप्प करू नका. मी औषधाच्या विरोधात एक शब्द लिहिलेला नाही.

वॉर्ड नंबर चार (मिरज)

मग आसा कशाला आणलात?

तासगावकर

बरोबर विचारलं. आमच्याकडं एकानं टीबीच्या गोळ्या दोन महिन्यांत सोडल्या, खोकला थांबला, चंगाई मिळाली, प्रार्थनेनं बरा झालो म्हणून. कोर्स सहा महिन्यांचा. आजार परत आला तेव्हा जुन्या गोळ्यांना दाद देईना, आणि घरातल्या पोरीला बी लागला. साक्ष दिली तेव्हा समद्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. पोरीचं कळल्यावर कोण फिरकलं न्हाई.

विटेकर

टाळ्या वाजवणाऱ्यांनी जायला हवं होतं. तिथे मी तुमच्या बाजूने आहे. पण दवाखान्याच्या बिलात शेत गेलेली माणसंही मी पाहिलीत, त्यांच्याबद्दल इथे कोणी बोलत नाही. गरीब माणूस प्रार्थनेच्या सभेला का जातो, तर तिथे आधी डिपॉझिट भरा म्हणत नाहीत.

वॉर्ड नंबर चार (मिरज)

हे मात्र खरं आहे. नाइलाजाने का होईना, मान्य.

सातारकर काका

चर्चा वाचली. सगळे भांडताय, पण बाहेरच्यांसमोर आपण कसे दिसतो याचा विचार साताऱ्यात शंभर वर्षांपूर्वीच झालाय. 1917 मध्ये ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी मिशनचं काम सोडलं आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. 1919 ला ते गेले आणि ते काम तिथेच राहिलं. त्यांची भजनं अभंगाच्या चालीवर गायची आमची पिढी. आता उपासनेत टाळ काढला की तरुण संघातली मुलं म्हणतात, काका, हे ‘त्यांचं’ वाटतं. कीबोर्ड कोणाचा आहे मग? शिरा नको, टाळ नको, अभंग नको. उद्या मराठी पण नको म्हणाल.

कृष्णाकाठ

काका, टाळाच्या बाजूने मी आहे, पण त्यावर वेगळं लिहा. इथे त्या मुलीचा प्रश्न मागे पडलाय.

वाईचा शेजारी

मी ख्रिस्ती नाही, एका मित्रामुळे इथे वाचतो. दोन शब्द बोलू का? आमच्याकडे पूजा झाली की आई शेजारच्या ख्रिस्ती घरी द्रोण पाठवायची. ते हसून घ्यायचे. एकदा मी क्लासला जाताना बघितलं, द्रोण तसाच्या तसा गटारीच्या कडेला, शिऱ्यावर मुंग्या, वरचा केळ्याचा काप काळा पडलेला. मी आईला सांगितलं नाही. पण त्या घरी पुन्हा मोकळेपणाने गेलो नाही. ‘काकू, आम्ही प्रसाद घेत नाही, पण चहाला येतो’ असं म्हणाले असते तर आईने चहा टाकला असता. नकाराचं आम्हाला एवढं काही वाटत नाही. घेऊन फेकण्याचं वाटतं.

विटेकर

भाऊ, हे तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. माझे वडील तोंडावर नाही म्हणायचे, हात जोडून. फेकणं हा भित्रेपणा आहे. त्यात साक्षही नाही आणि प्रीतीही नाही.

कृष्णाकाठ

यावर आपलं एकमत होईल असं वाटलं नव्हतं. आता कराडच्या ताईंना. 2 राजे 5 वाचा. अरामी सेनापती नामान कोडातून बरा झाल्यावर अलीशा संदेष्ट्याला म्हणतो, माझा धनी रिम्मोन दैवताच्या देवळात माझ्या हातावर टेकून नमन करतो, तेव्हा मलाही वाकावं लागतं, त्याची क्षमा व्हावी. अलीशा त्याला वचनाची चिठ्ठी देत नाही. शांतीने जा, एवढंच म्हणतो. तुमच्या आईला तुम्ही तिला सोडून गेलात असं वाटतंय, आणि तिचं न जेवणं त्याचंच आहे. आधी तिच्याशी बोला. हातावरच्या खोबऱ्याचा निर्णय त्यानंतर.

विटेकर

नामानाचं अर्धंच सांगू नका. त्याच अध्यायात तो दोन खेचरांच्या ओझ्याइतकी माती मागून नेतो आणि म्हणतो की यापुढे परमेश्वराशिवाय दुसऱ्या कोणाला होम करणार नाही. आधी ते, मग शांतीने जा. ताई, माझं मत आजही ‘घेऊ नका’ हेच आहे. पण आईला हे सांगताना चिठ्ठी दाखवू नका आणि ‘भुतं’ हा शब्द घरात काढू नका. तिच्या पाया पडावंसं वाटलं तर पडा, आई आहे. तिने केलेला स्वयंपाक तिच्या शेजारी बसून जेवा. पोस्टमधलं ‘प्रश्न संपला’ लिहायला नको होतं, एवढं मी मान्य करतो.

कराडची लेक

आई आरतीला उभी राहील तेव्हा मी स्वयंपाकघरात ताटं घेईन, मग आम्ही एकत्र बसू, असं तिला विचारते. खोबऱ्याचं तिला स्पष्ट सांगेन, पण आज नाही. आज ती जेवली पाहिजे. आणि गटात तीनही अध्याय वाचू या म्हणून मी आता आग्रह धरणार आहे.

वॉर्ड नंबर चार (मिरज)

छान. विटेकर दादा, आता माझ्याकडे वळा. तुमच्या पुढच्या उपवास प्रार्थनेत माईकवरून एवढं सांगाल का, की प्रार्थना करून घ्या पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी बंद करू नका?

विटेकर

पाळकांना विचारून सांगतो.

वॉर्ड नंबर चार (मिरज)

त्यात पाळकांना काय विचारायचंय?

विटेकर

माईक त्यांचा आहे ताई. विचारतो म्हटलंय ना. आणि ते नाही म्हणाले तर सभा सुटल्यावर दारात उभा राहून मी स्वतः सांगेन.