क्योटोत बसच्या नादी लागू नका, मेट्रो आणि ट्रेन पकडा (वाद घालायला या!)

उनाड_पाय: एप्रिलमध्ये जपानला जाऊन आलो. ज्याला विचारावं तो म्हणे क्योटोत बसनेच फिरायचं. म्हणून क्योटो स्टेशनवरून किंकाकुजीसाठी (ते सोनेरी देऊळ) २०५ नंबरच्या बसच्या रांगेत लागलो, दोन बस भरून गेल्या, तिसरीत कसाबसा घुसलो आणि मग सिग्नलला सिग्नल. दुसऱ्या दिवशी शहाणा झालो. कारासुमा मेट्रोने किताओजीपर्यंत जायचं आणि तिथून बस, रस्त्यातली ती रखडपट्टी वाचते. फुशिमी इनारीच्या देवळाला तर बस बघूच नका, जेआर (जपान रेल्वे) च्या नारा लाइनवर क्योटोपासून दुसरंच स्टेशन आहे, फक्त लोकल पकडा, फास्ट इनारीला थांबत नाही.

मुलुंडकर: एकटा जीव सदाशिव असलात की हे सुचतं हो! माझ्याबरोबर सत्तरीपुढचे आईबाबा होते. मेट्रोच्या लाइनी दोनच, नकाशावर अधिकचं चिन्ह काढल्यासारख्या, आणि अर्धी देवळं त्या चिन्हाच्या बाहेर. कियोमिझुच्या देवळाला केइहान या खाजगी कंपनीच्या ट्रेनने गेलात तर स्टेशनवरून वीसेक मिनिटं चढ. बस गोजोझाका स्टॉपला सोडते, चढ तिथूनही आहेच पण निम्मा. शिवाय जुन्या बेस्टसारखं मागून चढायचं, पुढून उतरायचं, त्यामुळे आई पहिल्या दिवसापासून एक्स्पर्ट. एका मुलीने उठून जागा दिली तर आईने तिला चक्क मराठीतून आशीर्वाद दिले, तीही वाकून वाकून हसली.

ओसाकावासी: दोघंही पर्यटक म्हणून बोलताय. त्याच बसने तिथल्या आज्ज्या दवाखान्यात जातात आणि सुटकेसवाल्यांमुळे त्यांना चढता येत नाही. म्हणूनच तर ७०० येनचा बसचा डे पास २०२३ च्या सप्टेंबरनंतर विकायचा बंद केला. आता बस + मेट्रो मिळून ११०० चा आहे, बसचं तिकीट शहराच्या मुख्य भागात सरसकट २३० येन, म्हणजे दिवसात पाच फेऱ्या झाल्या तरच वसूल. सुट्टीच्या दिवशी पर्यटकांसाठी वेगळी एक्स्प्रेस बसही सुरू केलीय २०२४ पासून, ५०० येन. महाग वाटते ना? पण तीच घ्या. आणि बॅगा लॉकरमध्ये टाका हो, प्लीज.

उनाड_पाय: आज्ज्यांचा मुद्दा मान्य. माझ्याच मुद्द्याला बळ आलं की, बस सोडा! आणि ते सुट्ट्या पैशांचं कोणीच बोललं नाही. उतरताना ड्रायव्हरजवळच्या पेटीत भाडं टाकायचं, ती पेटी उरलेले पैसे परत देत नाही, आधी हजाराची नोट बाजूच्या फटीत घालून चिल्लर करायची आणि त्यातून मोजून २३० टाकायचे. मी दारात उभा राहून नाणी वेचतोय आणि मागे अख्खी बस गप्प. कोणी शिवी घातली असती तर बरं वाटलं असतं. आधी पैसे भरून ठेवायचं इकोका कार्ड घ्या, बस मेट्रो ट्रेन सगळीकडे चालतं.

मुलुंडकर: कार्डाला अनुमोदन. बस मात्र सोडणार नाही, फार तर संध्याकाळी गर्दीच्या वेळी टॅक्सी करू. चौघं असलो की बसलाही ९२० येन जातातच, जवळच्या जवळ फारसा फरक पडत नाही.