२,४०० सॅटोशी खर्चायला २,०४० सॅटोशी: ही फी नेमकी कशाची?

चिमूटभर

गेली दोन वर्षं मी फावल्या वेळात चित्रं काढतो आणि ती कुणालाही फुकट वापरू देतो. आवडली तर लोक थोडे बिटकॉइन पाठवतात. थोडे म्हणजे दर वेळी साधारण २,४०० सॅटोशी (एका बिटकॉइनचे १० कोटी सॅटोशी). असं २३ वेळा झालं आणि वॉलेटमध्ये ५५,२०० दिसू लागले. परवा ते दुसऱ्या पत्त्यावर हलवायला गेलो तर फी आली ४८,१८०. हाती उरणार ७,०२०. वीस जणांनी प्रेमाने दिलेलं नुसतं हलवण्यातच संपणार.

दुसरा अनुभव त्याहून कडू. एका एक्स्चेंजवर (बिटकॉइनच्या खरेदी-विक्रीच्या बाजारात) थोडी शिल्लक पडून होती, ती काढायला गेलो. आधी किमान मर्यादा आडवी आली. ती ओलांडेपर्यंत थांबलो, तर विड्रॉलला सरसकट २०,००० सॅटोशी कापले आणि पुढे लिहिलं ‘नेटवर्क फी’. मी तो व्यवहार ब्लॉक एक्सप्लोररवर, म्हणजे नेटवर्कवरचे सगळे व्यवहार दाखवणाऱ्या साइटवर, उघडून पाहिला. त्यात माझ्यासकट ६२ जणांचे पैसे एकदम गेले होते आणि अख्ख्या व्यवहाराची फी होती सुमारे १८,४००. म्हणजे माझ्या एकट्याच्या पैशांत सगळ्यांची फी निघाली. मग उरलेल्या ६१ जणांकडून काय घेतलं?

मला फुकट काही नको. पण ‘कुणीही, कुणालाही, कितीही पाठवा’ असं सांगून लोकांना बोलावलं आणि लहान रकमेला दारच ठेवलं नाही, हे मला पटत नाही.

नोडधारी

दोन गोष्टींची गल्लत होते आहे. एक्स्चेंजचं नंतर बघू, आधी तुमचे ५५,२०० घेतो.

बिटकॉइनची फी रकमेवर नसते, व्यवहार ब्लॉकमध्ये, म्हणजे सामायिक वहीच्या एका पानावर, किती जागा अडवतो यावर असते. सरासरी दहा मिनिटांना एक ब्लॉक, त्यात सुमारे १० लाख व्हर्च्युअल बाइट (व्हीबाइट, जागेचं माप) जागा, आणि जगभरचे लोक त्या जागेसाठी रांगेत. तुमच्या वॉलेटला ‘५५,२००’ अशी एक रक्कम दिसत असली तरी साखळीवर (ब्लॉकना जोडून झालेल्या त्या वहीत) ते २३ सुटे तुकडे आहेत. खर्च करताना प्रत्येक तुकडा वेगळा दाखवायचा आणि त्याची सही वेगळी जोडायची. एका तुकड्याला सुमारे ६८ व्हीबाइट, २३ तुकड्यांचे १,५६४, वर ४२ इतर. एकूण १,६०६. त्या दिवशी फीचा भाव ३० सॅटोशी प्रति व्हीबाइट होता, म्हणून ४८,१८०. एकाच तुकड्यात हजार बिटकॉइन असलेल्या माणसाला त्याच दिवशी ३,३०० सॅटोशी पुरले असते.

इथेरियम या दुसऱ्या साखळीवरही साध्या पाठवणीला २१,००० गॅस (तिथलं मेहनतीचं माप) लागतो, रक्कम कवडीची असो वा डोंगराएवढी. पडताळणीची मेहनत तेवढीच असते.

उलट तपासणी

नोडधारी, तुम्ही हिशेब अचूक मांडलात आणि त्यातूनच चिमूटभर यांचं म्हणणं सिद्ध केलंत. हजार बिटकॉइनवाल्याला ३,३०० आणि चिल्लरवाल्याला ४८,१८०. ‘जागेप्रमाणे भाव’ ऐकायला समान वाटतं, पण भार सगळा गरिबावर.

शिवाय ही जागा इतकी अपुरी का, हेही सांगा. निसर्गाने दिलेली मर्यादा नाही ती. २०१० मध्ये सॉफ्टवेअरमध्ये १ एमबीची मर्यादा घातली गेली आणि ती वाढवावी का यावर पुढे वर्षानुवर्षं भांडण झालं. ऑगस्ट २०१७ मध्ये त्यावरूनच बिटकॉइन कॅश हे वेगळं चलन फुटून निघालं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाने चढी फी आणि बिटकॉइनच्या किमतीतली चढउतार ही कारणं देऊन बिटकॉइन घेणं बंद केलं. लहान व्यवहार आपोआप बाहेर गेले नाहीत. एक बाजू निवडली गेली आणि त्यांना बाहेर काढलं गेलं.

आणि नेटवर्कवरच्या नोडची ती किमान मर्यादा! ५४६ सॅटोशीच्या खालच्या रकमेला ‘डस्ट’ म्हणजे धूळ म्हणायचं. माझ्या पैशाला धूळ म्हणणारे तुम्ही कोण?

नोडधारी

मी कोण, तर तुमची धूळ कायमची सांभाळणारा. माझ्या घरी एका छोट्या संगणकावर नोड, म्हणजे सगळे व्यवहार तपासून पुढे पाठवणारा प्रोग्राम, चालतो. त्याचा मला एक सॅटोशीही मिळत नाही, फी सगळी ब्लॉक तयार करणाऱ्या मायनरला जाते. जागा कमी पडली तर जुने ब्लॉक मी पुसू शकतो, तशी सोय आहे. पण अजून खर्च न झालेल्या तुकड्यांची यादी पुसता येत नाही, कारण नवा व्यवहार खरा की खोटा हे तिच्यावरूनच ठरतं. कुणी १ सॅटोशीचा तुकडा तयार करून विसरून गेला, तरी तो जगातल्या प्रत्येक पूर्ण नोडवर पडून राहतो. तो परत उचलायला त्याच्या किमतीच्या कितीतरी पट फी लागते, मग कोण उचलणार?

हे काल्पनिक नाही. २०१२ मध्ये सातोशीडाइस नावाचा जुगार साखळीवरच चालायचा आणि हरणाऱ्याला ‘तू हरलास’ हे कळवायला १ सॅटोशी पाठवायचा. निरोपासाठी सगळ्यांच्या वहीत कायमची ओळ! त्यानंतर २०१३ मध्ये बिटकॉइन सॉफ्टवेअरच्या ०.८.२ आवृत्तीत ही मर्यादा आली.

५४६ हा आकडाही हवेतून आलेला नाही. जुन्या पद्धतीच्या पत्त्यावरचा तुकडा तयार करायला ३४ बाइट, पुढे खर्चायला १४८. एकूण १८२, गुणिले ३ सॅटोशी. सेगविट या नव्या पद्धतीच्या साध्या पत्त्यांना जागा कमी लागते, म्हणून तिथे मर्यादा २९४.

फुकट ठेवून बघायचं असेल तर नॅनो या चलनाकडे बघा. तिथे फी नाही. मार्च २०२१ मध्ये कुणीतरी चिमुकल्या व्यवहारांचा पूर सोडला, नोड मागे पडले आणि खऱ्या माणसांचे व्यवहार अडकले. फी घेतली नाही की किंमत दुसऱ्याच कुणीतरी मोजतो.

उलट तपासणी

पूर रोखायला बांध हवा, मान्य. माझं भांडण बांधाच्या उंचीशी आहे. २०१३ मध्ये तुमची मर्यादा ५४६ नव्हती, ५,४३० होती. पुढच्या वर्षी ती खाली आली. एक्सआरपी या चलनात खातं उघडायला १० एक्सआरपी अडकवून ठेवावे लागत, डिसेंबर २०२४ पासून १ पुरतो. नोड कोसळले नाहीत. मग हे आकडे ठरवताना लहान माणसाचा विचार आधी का होत नाही?

तो गुणिले ३ घ्या. ३ च का? ती सहमतीच्या, म्हणजे सगळ्या नोडना बंधनकारक असलेल्या, नियमांतली गोष्टही नाही, नोडने काय पुढे पाठवायचं एवढंच ते धोरण आहे. मायनरने ५४६ च्या खालचा तुकडा ब्लॉकमध्ये घेतला तर तुमचा नोड तो ब्लॉक मुकाट्याने स्वीकारतो.

नोडधारी

बरोबर आहे, ते धोरणच आहे. ३ च्या जागी २ असावा की १, यावर मी वाद घालणार नाही. शून्य नसावा, एवढंच माझं म्हणणं.

वीजवाहिनी

लाइटनिंगचं, म्हणजे बिटकॉइनवरच उभ्या असलेल्या लहान व्यवहारांच्या जाळ्याचं, नाव अजून कुणीच कसं घेतलं नाही? चिमूटभर, तुमच्यासारख्यांसाठीच ते आहे. एकदा चॅनेल (दोघांमधलं सामायिक खातं) उघडलं की त्यातले व्यवहार साखळीवर जातच नाहीत, १०० सॅटोशीसुद्धा क्षणात जातात.

चिमूटभर

बघितलं मी ते. चॅनेल उघडायला साखळीवरचा व्यवहार, म्हणजे तीच फी. बंद करायलाही तीच. सुरुवातीला माझ्या चॅनेलमध्ये दुसऱ्या बाजूला रक्कम नसेल तर मला पैसे येऊच शकत नाहीत. आणि धूळ तिथेही सुटत नाही: वाटेत असलेली रक्कम त्या मर्यादेखाली असेल आणि चॅनेल जबरदस्तीने बंद झालं, तर तिला स्वतंत्र तुकडाच मिळत नाही, ती फीमध्ये जाते. दुसऱ्याच्या ताब्यातलं लाइटनिंग वॉलेट घेतलं तर हे सगळं सोपं होतं, पण मग पैसे माझ्या हातात राहत नाहीत.

वीजवाहिनी

ताब्याचं मान्य. तरीही रोजच्या बक्षिशीला मी तेच सुचवेन. थोडे सॅटोशी काही काळ दुसऱ्याकडे राहिले तर आभाळ कोसळत नाही, आणि साठले की एकदम एकाच तुकड्यात स्वतःकडे घ्यायचे. आज तुमच्याकडे २३ च्या जागी एकच तुकडा असता.

नोडधारी

आता एक्स्चेंजचं. इथे मी चिमूटभर यांच्या बाजूने आहे. एक्स्चेंजलाही लहान-लहान जमा नंतर गोळा कराव्या लागतात, चावी सांभाळायचा खर्च असतो, फी अचानक चढली तर फटका बसतो, हे खरं. म्हणून त्यांनी स्वतःचं शुल्क घ्यावं, किमान मर्यादाही ठेवावी. पण ६२ जणांकडून प्रत्येकी २०,००० घेतले असतील तर ते १२,४०,००० होतात, आणि नेटवर्कला गेले १८,४००. बाकीच्याला ‘नेटवर्क फी’ म्हणणं चुकीचं आहे. ते तुमचं शुल्क आहे, तसं लिहा. अशाने लोकांचा राग नेटवर्कवर निघतो.

चिमूटभर, ते २३ तुकडे मात्र आज हलवू नका. घाई नसेल तर फीचा भाव पडू द्या. गर्दी ओसरली की २-३ सॅटोशीवर काम होतं.

चिमूटभर

चार दिवस थांबलो. आज पहाटे भाव २ वर आला होता. सगळे तुकडे एकाच पत्त्यावर गोळा केले, फी ३,२१२. हाती आले ५१,९८८. नोडधारी, मनापासून आभार. एक्स्चेंजला लेखी विचारलं आहे की त्या २०,००० मधले नेटवर्कचे किती आणि तुमचे किती. उत्तर आलं की इथे लिहीन.

उलट तपासणी

तुमचे पैसे वाचले याचा खरंच आनंद आहे. पण नोडधारी, ‘घाई नसेल तर’ यावर मी अडलो आहे. ज्याच्याकडे एवढीच शिल्लक आहे आणि ती आजच औषधाला हवी आहे, त्याने कुठल्या पहाटेची वाट बघायची?